जन्मगावाची नोंद आणि ग्रीन कार्डची रांग

कायम रहिवास म्हणजे परक्या देशात मुदतीच्या धास्तीशिवाय राहण्याचा आणि आपल्या पसंतीची नोकरी करण्याचा हक्क. नागरिकत्व त्याहून वेगळे असते. कायम रहिवासी हा भारताचाच नागरिक राहतो, भारतीय पासपोर्टवरच प्रवास करतो. फरक इतकाच की त्याचा तिथला मुक्काम आता एका मालकाच्या हातात नसतो. कामाचा व्हिसा नेमका इथे तोकडा पडतो. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की भाड्याचे घर, मुलांची शाळा, गाडीचे हप्ते सगळेच अधांतरी होते. म्हणून कुशल कामगार म्हणून परदेशी गेलेली माणसे दोन-तीन वर्षांतच ‘पीआर’च्या मागे लागतात. अमेरिकेत त्यालाच ग्रीन कार्ड म्हणतात.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली माणसे या वाटेला लागली ती मुख्यतः शिक्षणामुळे. सांगलीत धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे ‘वालचंद’ म्हणून नावारूपाला आले. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, तर वाळवा तालुक्यात राजारामनगरची संस्था १९८३ ची. त्याच्या कितीतरी आधी, १९१९ या एकाच वर्षी, कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय उघडले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ चे. परिचारिका घडवण्याची या गावाची परंपरा तिथून सुरू झाली. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा इंजिनिअर झाला, पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि कंपनीने अमेरिकेतल्या कामावर पाठवला, हा क्रम गेल्या तीस वर्षांत इथल्या अनेक गावांनी पाहिला आहे.

या क्रमातला पहिला टप्पा एच-१बी व्हिसाचा. त्याची आजची चौकट १९९० च्या कायद्याने घातली. वर्षाला ६५ हजार व्हिसा आणि अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी मर्यादा आहे. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात, त्यामुळे मार्चमध्ये नोंदणी होऊन निवड होते आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू करता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी कामगारामागे मालकाने १ लाख डॉलर भरावेत असा आदेश काढला. तेव्हाच्या दराने ही रक्कम ८८ लाख रुपयांच्या आसपास जाते. पहिल्याच पायरीवर एवढी रक्कम मागितल्याने लहान कंपन्यांची वाट जवळपास बंद झाली. एच-१बी तीन वर्षांचा, आणखी तीन वर्षे वाढणारा. म्हणजे मुळात सहा वर्षांचा. ग्रीन कार्डचे काम या सहा वर्षांत मार्गी लागावे, अशी कायदा करणाऱ्यांची कल्पना होती. भारतीयांच्या बाबतीत ती कल्पना कोलमडली.

ग्रीन कार्डचा अर्ज सहसा कामगार स्वतः करत नाही, त्याचा मालक करतो, आणि तोही तीन पायऱ्यांनी. पहिली पायरी ‘पर्म’ची. २००५ पासून चालत आलेल्या या पद्धतीत मालकाला अमेरिकेच्या श्रम खात्यापुढे सिद्ध करावे लागते की या जागेसाठी योग्य आणि तयार असा अमेरिकी माणूस मिळाला नाही. त्यासाठी आधी त्या भागातला प्रचलित पगार खात्याकडून ठरवून घ्यायचा, दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, सरकारी रोजगार केंद्रात ३० दिवस जागा नोंदवायची, आलेले अर्ज तपासायचे. या पायरीचा वकिलाचा आणि जाहिरातींचा खर्च मालकानेच करायचा असतो. कामगाराकडून तो वसूल करणे नियमात बसत नाही. ही गोष्ट प्रत्येक कामगाराला माहीत असायला हवी, कारण तो खर्च पगारातून कापून घेणारे मालक भेटतात.

दुसरी पायरी आय-१४० या अर्जाची. यात कामगाराची पात्रता आणि मालकाची पगार देण्याची ऐपत तपासली जाते. इथेच वर्गही ठरतो. असामान्य कर्तृत्वाचे लोक, नामवंत संशोधक आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे वरिष्ठ व्यवस्थापक पहिल्या वर्गात, म्हणजे ईबी-१ मध्ये जातात. मास्टर्स पदवी किंवा पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव लागणारी जागा असेल तर ईबी-२, आणि नुसती पदवी किंवा किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण लागणारी असेल तर ईबी-३. पदवीचा प्रश्न इथे अचानक डोके वर काढतो. अमेरिकेतली पदवी चार वर्षांची असते. वालचंद किंवा कराडची चार वर्षांची बी.ई. तिच्याशी सहज जुळते, पण साताऱ्याची वा सांगलीची तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी जुळत नाही. बी.एस्सी.नंतर एम.सी.ए. केलेल्यांना दोन्ही पदव्यांची बेरीज मूल्यमापन संस्थेकडून नीट मांडून घ्यावी लागते.

परिचारिकांना एक सवलत आहे. अमेरिकेत परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांची टंचाई कायद्याने मान्य केलेली असल्याने त्यांना पर्मची पायरी लागत नाही. रांग मात्र त्यांनाही चुकत नाही.

ही रांग म्हणजे सगळ्या प्रकरणाचे मर्म. नोकरीच्या आधारावर वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे निघतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत अशी अट आहे. पहिल्या तीन वर्गांना प्रत्येकी सुमारे ४० हजार कार्डे येतात. त्याचे ७ टक्के म्हणजे सुमारे २,८००. इतर देशांकडून उरलेली कार्डे काही वर्षी भारतीयांकडे वळतात, पण आधार एवढाच. शिवाय या आकड्यात पत्नी वा पती आणि मुलेही धरलेली असतात. चौकोनी कुटुंबातल्या एका इंजिनिअरचा नंबर लागला की चार कार्डे खर्ची पडतात. लहानशा आइसलँडला आणि १४० कोटींच्या भारताला टक्केवारी एकच. अर्जदार किती शिकला, किती वर्षे कर भरतो आहे, याचा या टक्केवारीशी काही संबंध नाही. कौशल्याच्या नावाने चालणारी व्यवस्था शेवटी माणूस कुठे जन्मला यावर त्याला तोलते, हा तिच्यातला उघड अन्याय आहे.

पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला तो दिवस अर्जदाराची ‘प्रायॉरिटी डेट’ ठरतो. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढते आणि कोणत्या देशाच्या कोणत्या वर्गात कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला ते जाहीर करते. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांसाठी ईबी-२ ची तारीख १ जानेवारी २०१३ वर उभी होती. म्हणजे साडेबारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांची वेळ तेव्हा येत होती. रांग तेवढ्याच वेगाने पुढे जाईल असे समजणे मात्र चूक आहे, कारण २०१३ नंतर अर्जदारांची संख्या वाढतच गेली. रांगेतल्या भारतीयांची संख्या, कुटुंबीय धरून, दहा लाखांवर असल्याचे अंदाज आहेत. तारीख कधी महिनोन्‌महिने जागची हलत नाही, कधी मागेही जाते. ‘डेट मागे गेली’ हे शब्द मराठी घरांत फोनवर ज्या आवाजात उच्चारले जातात, त्यावरून त्यांचे वजन कळते.

तारखांच्या या खेळात एकदा मोठा गोंधळ झाला. जुलै २००७ च्या बुलेटिनने जवळपास सगळे वर्ग खुले केले. लोकांनी घाईघाईने वैद्यकीय तपासण्या उरकल्या, रजा काढल्या, कागद पाठवले, आणि २ जुलैला सरकारने हात आखडता घेतला. ‘लगे रहो मुन्नाभाई’ आदल्याच वर्षी आला होता. अमेरिकेतल्या भारतीयांनी त्यातली गांधीगिरी उचलली आणि इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांच्या कार्यालयात शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. खात्याने ती फुले वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे वळवली, आणि १७ जुलैला निर्णय फिरवून १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेण्याचे मान्य केले. त्या महिन्यात अर्ज आत गेलेल्यांना निदान काम करण्याचा आणि प्रवासाचा परवाना मिळाला. असाच दुसरा झरोका कोरोनानंतर उघडला. कुटुंबाच्या वर्गातली न वापरलेली कार्डे नोकरीच्या वर्गाकडे आल्याने त्यांची संख्या २०२१ च्या आर्थिक वर्षात सुमारे २ लाख ६२ हजारांवर आणि पुढल्या वर्षी सुमारे २ लाख ८१ हजारांवर गेली. देशनिहाय मर्यादा काढून टाकणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले होते. सिनेटने पुढच्या वर्षी वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झालाच नाही.

रांगेत उभे असताना राहायचे कसे, याची सोय २००० च्या कायद्याने केली. आय-१४० मंजूर असेल आणि नंबर लागलेला नसेल, तर एच-१बी सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांनी वाढत राहतो. मंजुरीला १८० दिवस उलटले की मालकाने अर्ज मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट कामगाराचीच राहते. नव्या मालकाने पर्म पुन्हा पहिल्यापासून करायचे, पण रांगेतली जागा जुनीच. हा नियम माहीत नसल्यामुळे कमी पगारावर वर्षानुवर्षे एकाच कंपनीला चिकटून राहिलेले लोक आहेत. नोकरी गेलीच तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-१४० मंजूर झालेल्यांच्या पती-पत्नींना २०१५ पासून नोकरीचा परवाना मिळू लागला. त्याआधी इथून इंजिनिअर वा डॉक्टर होऊन गेलेल्या कितीतरी मुली तिथे नुसत्या घरी बसून होत्या. सर्वांत अवघड गोष्ट मुलांची. दीड-दोन वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर गेलेले मूल २१ वर्षांचे झाले की त्यांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ चा कायदा आय-१४० तपासणीत गेलेले दिवस त्याच्या वयातून वजा करतो, पण पंधरा-वीस वर्षांच्या रांगेपुढे ते काही महिने पुरे पडत नाहीत.

तारीख आली की तिसरी पायरी, आय-४८५. वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, कधी मुलाखत, आणि कागद. जो अर्जदार भारतात आहे त्याची मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत होते. आणि इथे, सगळे पार पडत आले असताना, वाट पुन्हा गावाकडे वळते, कारण लागणारा पहिला कागद जन्मदाखला असतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्यांकडे अमेरिका जन्मदाखलाच मागते. पहिले बाळंतपण माहेरी, ही इथली रीत. त्यामुळे घर कोरेगाव तालुक्यात आणि जन्माची नोंद तासगावच्या किंवा शिराळ्याच्या आजोळच्या ग्रामपंचायतीत, असे हमखास असते. पासपोर्ट काढताना मात्र घरच्यांनी जन्मस्थान म्हणून आपलेच गाव लिहिलेले असते. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नोंद सापडली तरी तिथे पुष्कळदा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते, कारण बारसे होईपर्यंत नोंद होऊन गेलेली असते आणि नाव घालायला परत कोणी गेलेले नसते. कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे नाव नंतर घालता येते. त्याच्या मुदती सरकारने वेळोवेळी वाढवल्या आहेत.

तिसरी अडचण १ जूनची. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. जन्मतारीख नक्की सांगता न येणाऱ्या पालकांच्या मुलांची तारीख गुरुजींनी १ जून लिहिली, आणि तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर, पासपोर्टवर गेली. ग्रामपंचायतीत मात्र खरी तारीख, श्रावणातली नाहीतर माघातली, शांतपणे पडून राहिलेली असते. तीस वर्षांनी दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात तेव्हा अधिकारी अधिक पुरावा मागणारे पत्र पाठवतो. त्यात कोणाची लबाडी नसते. पण त्या अधिकाऱ्याला गुरुजींची अडचण ठाऊक असण्याचे कारण नाही, ती त्याला लिहून समजवावी लागते.

नोंदच नसेल तर दोन मार्ग. पहिला, निबंधकाकडून ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला घ्यायचा आणि जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे व शाळेचा दाखला जोडायचा. दुसरा, उशिराची नोंद करून घ्यायची. जन्माला एक वर्ष उलटले असेल तर त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. अर्जाच्या तोंडावर केलेली उशिराची नोंद परदेशी अधिकारी संशयाने पाहतात, म्हणून तिच्याबरोबरही शाळेचे जुने कागद जोडणे शहाणपणाचे.

बायकांच्या नावांचा प्रश्न याहून नाजूक. लग्नाआधी मधले नाव वडिलांचे, नंतर नवऱ्याचे, आडनाव बदललेले, काही घरांत पहिले नावही बदललेले. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. या दोन नावांची बाई एकच, हे सांगणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आणि पहिले नाव बदलले असेल तर शासनाच्या राजपत्रातली जाहिरात. लग्नपत्रिका आणि फोटो हे आधार चालतात, दाखल्याची जागा घेत नाहीत. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर लागते आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात असे भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावे लागते.

एक गोंधळ खास या दोन जिल्ह्यांचा आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून जन्मला. साताऱ्याचे तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे भाग आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानी मुलखातली गावे एकत्र येऊन तो झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मुलगा अमेरिकी नागरिक झाल्यावर आईवडिलांसाठी अर्ज करतो, तेव्हा वडिलांच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा ‘सातारा’ किंवा ‘द. सातारा’ आणि आधार कार्डावर ‘सांगली’ असतो. गाव तेच, फक्त जिल्ह्याचे नाव बदलले, हा खुलासा अर्जासोबतच दिला तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

जन्मस्थानामुळे क्वचित एखाद्याचे नशीबही उघडते. रांग नागरिकत्वावर नाही, जन्माच्या देशावर ठरते, आणि पती-पत्नींपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर दोघांना त्या देशाच्या रांगेत उभे राहता येते. वडील आखाती देशात कामाला असताना मस्कत किंवा कुवेतमध्ये जन्मलेली मुलगी लग्न करून अमेरिकेत गेली, तर नवऱ्याची कित्येक वर्षांची वाट तिच्या जन्मदाखल्याने टळते.

इतर देशांत मोजमाप वेगळे. कॅनडाने गुणांची पद्धत १९६७ मध्येच आणली. २०१५ पासूनच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’त १,२०० पैकी गुण मिळतात आणि वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांवर ते ठरतात. तिशी ओलांडली की वयाचे गुण दरवर्षी घटतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले गेले. पदवीच्या मूल्यमापनासाठी गुणपत्रके थेट विद्यापीठाकडून जावी लागतात; इथल्या बहुतेकांसाठी त्याचा अर्थ शिवाजी विद्यापीठात, कोल्हापूरला, खेप. ऑस्ट्रेलियाला किमान ६५ गुण आणि ४५ च्या आतले वय लागते. इंजिनिअरांसाठी तिथे एक उपयोगाची गोष्ट आहे: भारतातल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणारी एनबीए ही संस्था २०१४ मध्ये, अशा पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराची पूर्ण सदस्य झाली. आपल्या वर्षी आपल्या शाखेला त्या कराराच्या दर्जाची मान्यता होती का, हे महाविद्यालयाकडून आधी विचारून घ्यावे. नसेल तर आपल्या कामाचे सविस्तर निवेदन लिहून कौशल्य सिद्ध करावे लागते. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराला पाच वर्षांनी कायम रहिवास मिळत आला. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही मुदत दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला.

जर्मनीचा रस्ता तुलनेने लवकर संपतो. ‘ब्लू कार्ड’ हा उच्चकुशल कामगारांचा परवाना असलेल्याला २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीची असेल तर २१ महिन्यांनीच, कायम रहिवास मागता येतो. इतर कुशल कामगारांना तीन वर्षे लागतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार करून दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचे ठरवले. त्यात परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक असे व्यवसाय होते. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या आयटीआयच्या मुलामुलींसाठी हा मार्ग महत्त्वाचा, पण तिथे खरी परीक्षा भाषेची आणि इथल्या प्रमाणपत्राला तिथली मान्यता मिळण्याची. भाषा येण्याआधी एजंटाच्या हातावर लाखो रुपये ठेवणे धोक्याचे आहे.

कायम रहिवास मिळाल्यावर तो टिकवावाही लागतो. ग्रीन कार्डधारक सलग वर्षभर अमेरिकेबाहेर राहिला तर परतीची आगाऊ परवानगी लागते. सहा महिन्यांच्या पुढेच प्रश्न सुरू होतात. कॅनडा पाच वर्षांत ७३० दिवस राहण्याची अट घालतो. आजारी आईवडिलांसाठी गावी येऊन राहिलेल्यांना हे दिवस मोजावे लागतात. नागरिकत्वाचा अर्ज अमेरिकेत पाच वर्षांनी करता येतो. तो मंजूर झाला की भारताचे नागरिकत्व संपते, कारण आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पासपोर्ट परत करायचा आणि मूळच्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड घ्यायचे.

त्या दिवसापासून मतदानाचा हक्क जातो. ग्रीन कार्डवर असेपर्यंत, गावी हजर राहून, तो बजावता येत होता. शेतजमीन विकत घेणे तर अनिवासी भारतीय आणि ओसीआय या दोघांनाही मना आहे. वडिलोपार्जित जमीन वारसाहक्काने मात्र मिळते. वडिलांमागे तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करून सातबाऱ्यावर नाव लावून घेता येते. भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले असेल, तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. जमीन विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.